गुरुवारचा चार्ट

भोसरी, चाकण, तळवडे या पट्ट्यात नोकरी केलेल्या माणसाला गुरुवार समजावून सांगावा लागत नाही. रविवारी कामावर, गुरुवारी सुट्टी आणि गुरुवारीच महावितरणची दुरुस्ती. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच लाइट नाही, असा मेसेज आदल्या दिवशी येतो. मग पाणी वर चढवून ठेवायचं, मिक्सरची कामं आधी उरकायची. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याचा कधी पुरावा होईल असं मला वाटलंच नव्हतं.

मी मेटलर्जीची. डिप्लोमा करून नोकरी धरली आणि डिग्री नंतर पार्ट-टाइम केली. २०१७ साली मी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत लॅब सांभाळत होते. कंपनीचं नाव लिहीत नाही. निघताना एका कागदावर सही केलीय, आणि तिथे अजून माझ्या ओळखीच्यांची घरं चालतात.

आमच्याकडे सीटच्या यंत्रणेत बसणारी स्प्रिंग स्टीलची एक क्लिप बनायची. अंगठ्याच्या नखाएवढी. हार्डन करायची, मग झिंक प्लेटिंग म्हणजे जस्ताचा मुलामा, मग बेकिंग. यातलं बेकिंग बाहेरच्या माणसाला फालतू वाटतं, कारण त्यानं पार्ट दिसायला काहीच बदलत नाही. पण प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो. पोलाद कडक असेल तर तो आत दबून बसतो आणि पार्टवर ताण आला की काही तासांनी, कधी काही दिवसांनी, पार्ट तुटतो. आधी वाकत नाही, खूण देत नाही. सरळ दोन तुकडे. म्हणून प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत माल ओव्हनमध्ये घालून दोनशे डिग्रीला आठ तास ठेवायचा, असं कस्टमरच्या ड्रॉइंगवरच लिहिलेलं असायचं. ट्रेनिंगला येणारे सर सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या बे ब्रिजचे फोटो दाखवायचे. २०१३ साली तिथले तीन इंची अँकर रॉड आवळले आणि थोड्याच दिवसांत ९६ पैकी ३२ तुटले, तेही हायड्रोजनपायीच. फोटो बघून आम्ही माना डोलवायचो आणि चहाला जायचो.

ओव्हन एकच होता. आठ तास बेकिंग, वर तापायचा-निवायचा वेळ, म्हणजे दिवसाला ओढूनताणून दोन बॅच. शेड्यूल तीनचं होतं आणि दिवाळीच्या तोंडावर चारचं झालं. दुसऱ्या ओव्हनचा प्रस्ताव मीच टाइप केला होता. तो तीनदा वर गेला आणि तीनदा 'पुढच्या क्वार्टरला बघू' म्हणून परत आला. आता प्रश्न असा, की दोन बॅचच्या ओव्हनमधून चार बॅच निघतात कशा? हा प्रश्न सकाळच्या साडेआठच्या मीटिंगमध्ये वर्षभरात कुणीही विचारला नाही. मीही नाही.

त्या मीटिंगबद्दल थोडं सांगते, कारण पुढे चौकशीला आलेल्यांनी तिच्याबद्दल अवाक्षर विचारलं नाही. शॉपच्या मधोमध एक मोठा बोर्ड, त्यावर प्रत्येक विभागाचे आकडे. टार्गेट झालं तर हिरवा, नाही झालं तर लाल. लाल असेल त्यानं एक पाऊल पुढे यायचं आणि सगळ्यांसमोर कारण सांगायचं. प्लांट हेडचं वाक्य ठरलेलं: "प्रॉब्लेम घेऊन येऊ नका, सोल्युशन घेऊन या." ऐकायला बरं वाटतं. पण रोज ऐकलं की माणूस प्रॉब्लेम घेऊन यायचाच बंद होतो. आमचा प्लेटिंगचा सुपरवायझर पन्नाशीचा माणूस, मुलीच्या लग्नाचं कर्ज अंगावर. एकदा पुढे उभा राहिला आणि त्याला सगळ्यांसमोर विचारलं गेलं, "तुमच्या घरी पण असंच चालतं का?" दुसऱ्या दिवसापासून त्याचा रकाना हिरवा. कसा, ते त्याचं त्याला माहीत.

प्लांट हेड वाईट माणूस नव्हता, हेही लिहायला हवं. माझे सासरे ॲडमिट होते तेव्हा रात्री साडेदहाला वायसीएममध्ये येऊन गेला होता. त्याच्याही डोक्यावर महिन्याचा रिव्ह्यू, आणि कस्टमरला दरवर्षी किंमत कमी करून हवी असते हे या धंद्यात सगळ्यांनाच माहीत आहे. स्टील महागो, वीज महागो, क्लिप स्वस्तच झाली पाहिजे.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कस्टमरकडून तक्रार आली. लाइनवर लावायच्या आधीच, ट्रेमध्ये, तीन क्लिप तुटलेल्या सापडल्या. बारा तासांत ८डी रिपोर्टचं, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय लिहून द्यायच्या अहवालाचं, पहिलं पान पाठवायचं होतं. बॅचची कागदपत्रं जोडायला मी फाइल काढली. कडकपणाचे रीडिंग ठीक, प्लेटिंगची जाडी ठीक, बेकिंगचा चार्ट ठीक.

चार्ट म्हणजे गोल कागद, ताटलीएवढा. ओव्हनच्या रेकॉर्डरवर तो फिरतो आणि लाल पेन तापमानाची रेघ काढत जातं. सकाळी दहाला रेघ दोनशेला पोचलेली आणि संध्याकाळी सहापर्यंत सायीवर सुरी फिरवल्यासारखी सपाट. खाली ओव्हनवरच्या मामांची सही. वर तारीख.

तारीख बघून मी फाइल मिटली, पाणी प्यायले आणि मोबाइलवर महावितरणचा मेसेज शोधला. गणपती जाऊन आठवडा-दीड आठवडा झाला होता. बॅकलॉगमुळे कंपनीनं त्या दिवशी सुट्टी रद्द केली होती, पण दुरुस्ती काही रद्द झाली नव्हती. जनरेटरवर लाइट, कॉम्प्युटर आणि प्लेटिंगचे पंप चालायचे. ओव्हन त्याला झेपायचाच नाही, म्हणून तो त्यावर जोडलेला नव्हता. म्हणजे आठपैकी सात तास ओव्हन वीज नसताना दोनशेला होता.

मी ओव्हनवर गेले. तिथले मामा कंत्राटी कामगार, बारा वर्षं तिथेच. मी चार्ट पुढे धरला. त्यांनी तो बघितलासुद्धा नाही.

"मॅडम, ड्रॉवर उघडा ना."

ड्रॉवरमध्ये हातपुसणीच्या फडक्याखाली पंधरा-वीस चार्ट. सगळे काढलेले, सगळे सुंदर, एकावरही तारीख नाही. रविवारी रात्री रिकामा ओव्हन चालवून आधीच काढून ठेवलेले. माल अडीच-तीन तासांत बाहेर यायचा आणि बॅच नंबर पडला की यातला एक चार्ट फाइलला जायचा. त्या गुरुवारी तारीख टाकणाऱ्याला वार आठवला नव्हता, इतकंच.

"कुणी सांगितलं असं करायला?"

"सांगायला कशाला लागतंय? 'बघा काहीतरी, मॅनेज करा' म्हणाले. आम्ही केलं मॅनेज."

हे 'मॅनेज' मी तोवर हजारदा ऐकलं असेल. आमच्याकडे 'खोटं लिही' असं कुणीच कुणाला म्हणालं नाही. 'ॲडजस्ट करून घ्या', 'पेपर पूर्ण करा', 'ऑडिटला अडचण नको'. पुढे चौकशीत सगळ्यांचे ईमेल तपासले, तेव्हा त्यात एकही आक्षेपार्ह शब्द सापडला नाही असं कानावर आलं. सापडणार कसा?

माझ्या हेडना मी संध्याकाळी सांगितलं. त्यांनी दार लावलं, मला बसायला सांगितलं. आवाज मऊ.

"बघा मॅडम, आत्ता माल रिप्लेस करू. ८डीत हँडलिंग डॅमेज टाका. ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं म्हणून फोटो लावा."

"सर, पण बाकीच्या बॅच?"

"त्या बघू ना आपण. तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही?"

मी ८डी लिहिला. हँडलिंग डॅमेज. सही केली. हे मी लपवू शकले असते, पण चौकशीत तोच कागद पहिल्यांदा माझ्यासमोर ठेवला गेला, म्हणून इथेही लिहिते.

त्या रात्री झोप लागली नाही आणि डोक्यात सारखी येत होती ती टवेरा. २०१३ च्या जुलैत जनरल मोटर्सनं भारतात १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या, तेव्हा मी नोकरीत नवी होते आणि पुण्याच्या प्रत्येक लॅबमध्ये दुसरा विषय नव्हता. धुराची तपासणी करणारी यंत्रणा प्लांटमध्ये येणार म्हटलं की कमी प्रदूषण करणारी इंजिनं आधीच निवडून बाजूला ठेवायची आणि तपासणीच्या गाड्यांना तीच बसवायची, असा प्रकार होता. वजनाचे आकडेही फिरवले होते. कंपनीनं स्वतःच सरकारला कळवलं, काही जणांना काढलं, आणि सरकारी समितीनं या प्रकाराला कॉर्पोरेट फ्रॉड म्हटलं. तेव्हा आम्ही चहाच्या टपरीवर हसलो होतो. इंजिन निवडून ठेवायचं म्हणजे कमालच. दोन वर्षांनी फोक्सवॅगनचं धुराच्या तपासणीला फसवणारं सॉफ्टवेअर उघडं पडलं. जगभरात १ कोटी १० लाख गाड्या, आणि भारतातल्या ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीला बोलवाव्या लागल्या. तेव्हाही चर्चा सगळी कोडची, जर्मनांच्या हुशारीची. निवडलेली इंजिनं आणि आमच्या ड्रॉवरमधले निवडलेले चार्ट यांत फरक फक्त आकाराचा आहे, हे मला रात्री दोन वाजता कळलं.

नवरा म्हणाला, "लिहिणार असशील तर नाव घालून लिही. निनावी पत्राची काय किंमत असते?" सासूबाईंनी वेगळाच मुद्दा काढला: "दिवाळीचा बोनस झाल्यावर लिही." दोघांचंही बरोबर होतं. मी बोनसची वाट बघितली नाही, ते काही धाडस म्हणून नाही. तोवर आणखी चाळीस बॅच गेल्या असत्या.

आमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली. अशा कंपनीला २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार तक्रारीची व्यवस्था ठेवावीच लागते, आणि गरज पडली तर थेट ऑडिट कमिटीच्या, म्हणजे संचालकांच्या हिशेब-तपासणी समितीच्या, अध्यक्षाकडे जाता येतं. हे मला त्या रात्री गुगल करून कळलं. सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कँटीनजवळच्या बोर्डावर पॉलिसीची प्रिंट होती खरी, पण तिच्यावर वाढदिवसांची यादी टाचलेली असायची. कंपनीच्या वार्षिक अहवालातही बघितलं. या व्यवस्थेखाली आलेल्या तक्रारी: शून्य. त्याआधीच्या वर्षी: शून्य. कलम ४४७ मध्ये फ्रॉडची व्याख्या वाचली. कुणाचा फायदा किंवा नुकसान झालेलंच असलं पाहिजे असं नाही; फसवण्याच्या हेतूनं माहिती दडवणंही त्यात येतं. वाचून माझ्याच पोटात गोळा आला, कारण ८डीवरची सही अजून ओली होती.

पत्र दीड पानाचं झालं. विशेषणं सगळी खोडली. बॅच नंबर, तारखा, महावितरणचा मेसेज, ड्रॉवरचा फोटो. रात्री ११:४० ला पाठवलं आणि ताबडतोब पस्तावले.

उत्तर यायला एकोणीस दिवस लागले. त्या दिवसांत रोज कामावर जायचं, हेडसमोर बसायचं, 'काय मॅडम, बरं वाटत नाही का' ऐकायचं. त्याच दिवसांत, ८ ऑक्टोबरला, जपानची कोबे स्टील उभी राहून म्हणाली की आम्ही मालाच्या तपासणीचे आकडे बदलत होतो. पुढे त्यांच्या ग्राहकांचा आकडा पाचशेच्या वर गेला, त्यात मोठमोठ्या गाडी कंपन्या, आणि प्रकार १९७० च्या दशकापासून चालू असल्याचं निघालं. त्यांच्याकडे एक शब्द आहे, 'तोकुसाई'. माल थोडा स्पेकबाहेर, म्हणजे ठरलेल्या मापांबाहेर, असेल तर ग्राहकाला विचारून, त्याच्या संमतीनं पाठवायचा, हा त्याचा मूळ अर्थ. हळूहळू विचारणं गळून पडलं आणि पाठवणं तेवढं उरलं. आमच्याकडचा शब्द 'डेव्हिएशन'. प्रवास तोच.

मग एक फोन आला. चौकशीला नेमलेली दिल्लीकडची फर्म, इंग्रजी बोलणारी मुलगी, अतिशय सभ्य. भेट प्लांटमध्ये नाही, वाकडच्या एका हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये. तिथे तिघं होते. एक विचारणारा, एक टाइप करणारी, एक नुसताच बघणारा. माझा लॅपटॉप घेतला, त्याची पूर्ण कॉपी काढली, सील केलं, सीलवर सही घेतली. मोबाइलमधला ड्रॉवरचा फोटो कधी काढला, कुणाला पाठवला, का काढला.

मला वाटलं होतं, पहिला प्रश्न ओव्हनचा असेल. पहिला प्रश्न होता, "याबद्दल आणखी कुणाशी बोललात?" दुसरा, गेल्या वर्षी मला प्रमोशन मिळालं नाही हे खरं का. तिसरा, पत्रकार ओळखीचे आहेत का. ओव्हन आला तो पाऊण तासानं. मग माझ्या सहीचे अकरा दाखले एकेक करून टेबलावर मांडले. 'बेकिंग झाले, चार्ट तपासला.' अकराही ठिकाणी माझी निळी सही. त्यातले चार्ट मी खरंच तपासले होते का? बघितले होते. रेघ सपाट आहे का, एवढंच बघायचं असतं असं मला शिकवलं होतं. रेघ फारच सपाट आहे का, हे बघायला कुणी शिकवत नाही. मी तसंच सांगितलं. टाइप करणारीनं क्षणभर वर बघितलं आणि परत टाइप करायला लागली.

शेवटी जबाबाची प्रिंट दिली. त्यात 'दुसऱ्या ओव्हनचा प्रस्ताव तीनदा नाकारला गेला' हे नव्हतं. मी म्हटलं, हे घाला. विचारणारा म्हणाला, ते आमच्या कक्षेत येत नाही. मी म्हटलं, मग मी सही करत नाही. वीस मिनिटं गेली, चहा आला, शेवटी ते वाक्य गेलं. सगळ्या प्रकरणात माझ्या मनासारखं झालेलं हे एवढंच.

मामांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्यांना हिंदीत विचारलं आणि त्यांनी हिंदीतच सांगितलं, "हमको जैसा बोला वैसा किया." कुणी बोललं, तर 'सब लोग'. आयुष्यात पहिल्यांदा एसी हॉटेलात बसलेला माणूस आणखी काय सांगणार? बाहेर येऊन मला म्हणाले, "बिस्किटं चांगली होती."

मला कुणी काढलं नाही. ही कला बघण्यासारखी असते. आधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून नाव गेलं. मग लॅबची किल्ली 'सुरक्षेसाठी' सिक्युरिटीकडे. मग मला जुन्या फाइली स्कॅन करण्याच्या कामावर घातलं आणि त्याला 'डिजिटायझेशन प्रोजेक्ट' असं भारदस्त नाव दिलं. कँटीनमध्ये मी बसले की टेबल पाच मिनिटांत रिकामं व्हायचं. बसमध्ये शेजारची जागा पुणे-नाशिक रोडभर मोकळी. लोकांना माझा राग नव्हता, भीती होती. एकीनं मात्र स्पष्ट सांगितलं, "तुझ्यामुळे ऑर्डर गेली तर आमचं काय?" तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. खासगी कंपनीत तक्रार करणाऱ्याला कायद्याचं कवच फार पातळ आहे. २०१४ चा तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदा सरकारी माणसांविरुद्धच्या तक्रारींसाठी. माझ्या वाट्याला कंपनीच्या पॉलिसीतलं 'त्रास दिला जाणार नाही' हे वाक्य. फाइली स्कॅन करणं हा त्रास आहे असं मी सिद्ध कसं करणार होते?

मार्चमध्ये दोन ओळींचं पत्र आलं. चौकशी पूर्ण झाली, योग्य ती कारवाई केली, सहकार्याबद्दल आभार. तोवर ओव्हन आला होता, नवा कोरा, डिजिटल रेकॉर्डरवाला, त्यात चार्टच नाही. प्लांट हेड कंपनीच्या दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला गेला. माझ्या हेडनी 'घरगुती कारणासाठी' राजीनामा दिला. मामांचं कंत्राट संपलं आणि पुन्हा झालं नाही. कस्टमरच्या गोडाऊनमधला माल परत आला. आधीच रस्त्यावर गेलेल्या गाड्यांच्या मालकांना कुणी पत्र पाठवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा भारतात रिकॉल कंपनीच्या मर्जीवर होता, २०१२ पासूनची वाहन उत्पादक संघटनेची ऐच्छिक संहिता एवढाच आधार. सरकारला रिकॉलची सक्ती करता येईल असं कलम मोटार वाहन कायद्यात आलं ते २०१९ च्या दुरुस्तीनं. अजून कुठे सीट मागे रेलताना 'टक' आवाज आला की मी दचकते.

जूनमध्ये राजीनामा दिला, नोटीस पीरियड भरला. पुढच्या तीन इंटरव्ह्यूंत 'आधीची नोकरी का सोडली' याचं मी खरं उत्तर दिलं आणि तिन्हीकडून कळवतो म्हणाले. चौथ्या ठिकाणी म्हटलं, घरापासून लांब पडत होतं. मिळाली नोकरी.

त्या वर्षीचा वार्षिक अहवाल मी मुद्दाम डाउनलोड केला. आलेल्या तक्रारी: एक. निकाली काढलेल्या: एक. प्रलंबित: शून्य. बोर्डावर असता तर रकाना हिरवाच दिसला असता.

मामांना काम लागायला पाच महिने लागले. तळवड्याच्या एका पावडर कोटिंगवाल्याकडे, परत ओव्हनवरच. अनुभवाचा दाखला मीच लिहून दिला होता. लागल्यावर फोन केला, गुरुवार होता, दोघांच्याही घरी लाइट नव्हती.

"कसं आहे तिथे?" मी विचारलं.

"झकास. इथं चार्टच नाही हो मॅडम. मालक नुसता हात लावून बघतो, तापलंय का."